वरवंट्याचं टोपडं

"पोरगा आमचा, पोरगी तुझी," भागूबाई म्हणाली आणि मांडीवरचा बटवा उघडून सुपारी कातरायला लागली. जणू बाजारात बसून वांग्याचे वाटे घालत होती.

मी कोपऱ्यात शालनसाठी बाळंतशेपेचा काढा गाळत होते. हातातली गाळणी हातातच राहिली. पाचवीचा दिवस होता. पूजेला लागतो म्हणून माझ्या घरचा पाटा-वरवंटा मी सकाळीच शालनच्या खोलीत आणून ठेवला होता, कारण शालनकडं कुठला आलाय पाटा! एक स्टोव्ह, चार भांडी, पाच वर्षांची पद्मा, आणि आता ही दोन जुळी. एवढाच तिचा संसार. दोघांत पोरगी आधी झाली, चांगली ठणठणीत, रडली की गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज जायचा. पोरगा तिच्यामागून आला, मुठीएवढा.

पोरगा झाल्याचं कळलं आणि नदीपलीकडच्या गावातून शालनच्या सासूबाईंचे, ह्या भागूबाईचे, पाय इचलकरंजीला लागले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. दोन्ही पोरीच झाल्या असत्या तर म्हातारी वाट चुकूनसुद्धा आली नसती, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. तिच्या थोरल्या लेकाला तीन मुली होत्या. घराण्याला मुलगा पाहिजे, म्हणून सगळी पळापळ.

"ह्ये बघ शालन," सुपारी तोंडात टाकत म्हातारी म्हणाली, "तुझं दूध दोघांला पुरंना. अंगात ताप. घरात बापयमाणूस न्हाई. आमच्याकडं रान हाय, दोन म्हशी हायत. एक तरी पोटभर खाईल. मी काय वाईट सांगतीया?"

वाईट सांगत नव्हती, हेच तर माझ्या जिवाला लागलं. सगळं खरंच बोलत होती.

"आनि लहान हाय तवरच न्यावं," ती म्हणाली. "आईची आठवण ऱ्हात न्हाई."

शालन भिंतीकडं तोंड करून पडली होती. तापानं ओठ वाळून गेले होते. पोरगी तिच्या कुशीत चुळबुळत होती, पोरगा समोरच्या घरात होता, ते कसं ते पुढं सांगते. म्हातारीनं तिच्या खांद्याला हात लावून हलवलं. "बोल की गं. व्हय म्हन, न्हाई म्हन."

आणि शालननं मान हलवली. न्हाई अशी नव्हे, व्हय अशी.

"हौसाबाई, तुम्ही बघितलंसा," म्हातारी लगेच माझ्याकडं वळली. "साक्षीला तुम्ही."

"मी कसली साक्षीला?" मी उसळलेच. "तापात हाय ती! तापात माणूस भुतालाबी व्हय म्हणतं!"

"मान हलवली न्हवं? झालं मग." बटवा कंबरेला खोचून ती उठली. "बाराव्याला येतो. बारसं हितंच करू, चारचौघींच्या देखत. आमची थोरली सून पाळण्याच्या पल्याड बसंल. शालननं पोरगं द्यायचं, थोरलीनं घ्यायचं, आनि जीपमधी बसायचं. पुढं कुनाचं तोंड हलाय नगो."

म्हातारीची अक्कल बघा. आमच्यात बारशाला पाळण्याच्या दोन अंगांना दोघी बसतात. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत एकीनं पाळण्यावरून द्यायचं, दुसरीनं घेऊन पाळण्याखालून परत करायचं. आधी वरवंट्याला न्हाऊ घालून, टोपडं चढवून तो फिरवतात. पोर त्याच्यासारखं टणक निघावं म्हणून. मग बाळ फिरवतात आणि शेवटी पाळण्यात निजवतात. म्हातारीनं एवढंच ठरवलं होतं की पलीकडं गेलेलं बाळ खालून परत येणार नाही. देवाधर्माच्या कामात चोरवाट काढली बाईनं.

ती गेल्यावर मी शालनपाशी बसले. "काय केलंस गं तू?"

तिनं डोळे मिटून घेतले आणि पोरीच्या टाळूवर हात फिरवत राहिली.

आता तिचा नवरा कुठं होता असं विचाराल, तर भिवंडीत. दिनकर आमच्याच खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मागावर होता. हातात कसब होतं, पण पाय एका जागी ठरत नव्हता. इथं काम कमी झालं म्हणून भिवंडीला गेला, एकदा जत्रेला आला, चार दिवस राहिला, पद्माला फुगा घेऊन दिला आणि गेला तो गेलाच. मागून कळलं, तिकडं दुसरी बाई ठेवून संसार थाटलाय. शालनला तेव्हा दिवस गेलेले. माहेरी आईबाप नाहीत, भाऊ असून नसल्यासारखा.

ती माझ्या शेजारच्या मशीनवर कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ना, ती भरायचं काम आमचं, बायकांचं. दवाखान्यातून एक दिवस ती परस्पर कामावर आली, मशीन चालू केलं आणि एकटीच हसायला लागली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"हौसाक्का, दोन हायत."

"काय दोन?"

"पोटात." आणि हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला. खात्यात मागांचा एवढा खडखडाट, की हसतेय का रडतेय ते कानाला कळत नव्हतं. मी मशीन बंद करून तिला जवळ घेतलं. मला बाई त्या दिनकरचा असा राग आला, की समोर असता तर धोटाच फेकून मारला असता.

पुढं तिचे पाय सुजायला लागले, उभं राहवेना. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, होता केरबा म्हणून. तो म्हणाला, "शालनला घरी बसवा. मी दुसरी बाई लावतो तिच्या मशीनवर."

"दुसरी बाई लावायची न्हाई," मी म्हटलं. "तिचं मशीन आम्ही चालवतो."

"तुमी तुमचं चालवणार का तिचं?"

"दोन्ही. तुझा माग कांडीवाचून थांबला तर ये बोलायला. न्हाई थांबला तर गप ऱ्हायचं."

"असं चालत न्हाई ओ मावशी."

"आता चालतंय. बघ की!"

आणि चालवलं. आपल्या मशीनवरून उठायचं, तिच्या मशीनच्या कांड्या बदलायच्या, पळत परत यायचं. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बनाक्काचे गुडघे गेलेले, तीसुद्धा पळायची, वर केरबाला ऐकू जाईल अशी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. एकदाही माग थांबला नाही. केरबा मुकाट्यानं कांड्या उचलून न्यायचा.

पद्मा तर सगळ्या गल्लीचीच झाली. रोज निराळ्या घरी जेवायची, आणि जेवून जेवून अशी चोखंदळ झाली कारटी, की दारात उभी राहून विचारायची, "आज काय केलंय?" नावडती भाजी असली की पुढच्या दाराला. मी एकदा पाठीत धपाटा घातला, तर म्हणते, "मारू नगं, दिलशादमावशीकडं अंडं हाय."

ही दिलशाद आमच्या समोरच्या खोलीत राहायची. नवरा मागावरच. तिचं पोर तेव्हा तीन-चार महिन्यांचं. शालन दवाखान्यातून दोन पोरं घेऊन आली त्या दिवशी पोरगी प्यायची आणि पोरगा नुसता किरकिरायचा, त्याला ओढायचीसुद्धा ताकद नव्हती. दिलशाद बघायला आली होती. तिनं कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पोराला उचललं, भिंतीकडं तोंड करून बसली आणि पदराखाली घेतलं. थेंब थेंब पिळून त्याच्या ओठांवर सोडत बसली, तासभर. शेवटी पोरगा चुटचुट करायला लागला. तिची सासू दारातून बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "दूध अल्लानं दिलंय. सांडाय दिलं न्हाई." तेव्हापासून पोरगा दिवसातले निम्मे तास दिलशादकडं.

तर असं सगळं आम्ही ओढत आणलेलं, आणि बाईनं तापात मान हलवून ठेवली.

बाराव्याला आठवडा उरला होता. शालनचा ताप उतरला तशी मी तिच्या मागं लागले. "सांगून पाठव म्हातारीला. म्हणावं, तापात बोलले, काय ध्यानात न्हाई."

"ध्यानात हाय की," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? मान हलवली हुती मी."

गल्लीतल्या दोघी-तिघी मला म्हणाल्या, देऊ दे गं हौसाक्का, पोरगं तरी सुखात वाढंल, आपण किती दिवस पुरणार? मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. खोटं कशाला बोलू, मनातून मीही घाबरले होते. आपण किती दिवस पुरणार ह्याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पण त्या एवढ्याशा जिवाला आणून, पाजून, जगवून आता त्या म्हातारीच्या पदरात घालायचं? आणि पोरीला तेवढं ठेवून जायचं, जणू ती निवडून टाकलेली?

"आम्ही गल्लीच्या तोंडाला हुबं ऱ्हातो," मी शालनला म्हटलं. "खराटे घिऊन. जीप आत येऊ देत न्हाई."

"नगो हौसाक्का. येऊ द्या त्यांला. आत बोलवा. चहा द्या."

"चहा! विष देते मी!"

ती हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली, आणि मला आणखीनच राग आला. "तुझा वरवंटा बारशापतोर हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"बनाक्काचा घे की. मला चटणी वाटायला लागतोय."

"तिचा हलका हाय. तुझा जड हाय, तुझाच पायजे."

मी रागात होते. एवढ्या बोलण्यावरून माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता, पण नाही पडला.

बाराव्या दिवशी गल्ली पहाटेपासून कामाला लागली. पाळणा दिलशादच्या घरचा, झेंडूच्या माळा कुणीतरी बाजारातून आणलेल्या, हरभऱ्याच्या घुगऱ्या बनाक्काच्या चुलीवर. शालननं न्हाऊन नवं लुगडं नेसलं. आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलेलं, हिरवं. ती भिंतीला धरून उभी राहिली, पण चेहरा असा होता की कुणी काही विचारायला धजेना.

जीप आली. शालनचा थोरला दीर जीपमध्येच बसून राहिला. भागूबाई आत आली, मागून थोरली सून आनंदी. अंगानं काटकुळी, मान खाली, पायातली जोडवीसुद्धा वाजू नयेत अशी चालायची. म्हातारीनं पिशवीतून एकेक वस्तू काढून चटईवर मांडली. हिरव्या मखमलीचं टोपडं, त्याला जरीची किनार. चांदीचे वाळे. दुपटं.

"एकच जोड?" मी विचारलं.

"एकालाच आनलंय," म्हातारी म्हणाली.

आनंदी पाळण्यापाशी वाकली. पोरगी जागी होती, मुठी तोंडात घालत होती. आनंदीनं बोट पुढं केलं, पोरीनं ते घट्ट धरलं. "हिचं नाव काय ठेवनार?" तिनं शालनला हळूच विचारलं. त्या घरातून पोरीबद्दल विचारणारी ती पहिली.

"वैजयंता," शालन म्हणाली.

तेवढ्यात दिलशाद पोराला घेऊन आली आणि पाळण्याजवळ बसली. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही कशाला पाळण्यापाशी?"

"हिच्या दुधावर तुमचा नातू हाय," मी म्हटलं. "ही न्हाई बसली तर कोण बसायचं?"

म्हातारीचा चेहरा असा झाला, जणू तोंडात खडा आला. गिळता येईना, थुंकता येईना. "असू दे," ती शेवटी म्हणाली. "घरी नेल्यावर न्हाऊ घालू."

दिलशादचे डोळे भरून आले. मी उठणारच होते, पण शालननं माझा हात दाबून मला खाली बसवलं. बापरे, केवढा जोर होता त्या बाळंतिणीच्या हातात!

मग तिनं वरवंटा पुढं ओढला. कोमट पाण्यानं धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. आणि म्हातारीनं आणलेलं ते हिरवं मखमली टोपडं उचलून त्याला चढवलं. खालून चांदीचे वाळे अडकवले. दुपट्यात गुंडाळला. किती जपून, किती सावकाश, जणू खरंच जीव होता त्यात.

"नवं टोपडं वरवंट्याला कशाला गं?" म्हातारी म्हणाली. "पोराला घाल की."

"आधी वरवंट्याचाच मान की मामी," शालन म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची. "मग पोराचा."

म्हातारीला पटलं. आनंदी पलीकडं बसली, शालन अलीकडं. आम्ही भोवती. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायला सुरुवात केली, पण बारशाचे आवाज कुठले, मयताला बसल्यासारखे घसे झाले होते. शालननं वरवंटा पाळण्यावरून दिला, आनंदीनं घेतला, खालून परत केला. पुन्हा वरून, पुन्हा खालून. बनाक्कानं तर पदर डोळ्यांना लावला. आता पुढं पोरगा. दिलशादनं त्याला छातीशी असा धरला होता, की बघवेना.

वरवंटा खालून शेवटचा शालनकडं आला. आता तो बाजूला ठेवायचा आणि बाळ उचलायचं. शालननं ठेवला नाही. माझ्या खांद्यावर एक हात टेकून ती उठली, दुसऱ्या हातानं वरवंटा पोटाशी धरला, दोन पावलं चालून भागूबाईसमोर गेली आणि तिच्या पदरात ठेवला.

"घ्या मामी. चारचौघींच्या देखत दिला."

म्हातारी बघतच राहिली. "म्हंजे? ही काय थट्टा हाय?"

"थट्टा न्हाई. मी मान हलवली हुती. एक देते म्हटलं, एक दिला. टोपडं तुमचंच हाय, वाळं तुमचंच हायत. ह्याला दूध लागत न्हाई, ताप येत न्हाई." शालनचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "आनि आईची आठवण तर ह्याला आजाबात ऱ्हानार न्हाई."

मग बनाक्का जी फिस्सकन हसली, की सगळ्याच फुटल्या. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"शब्द फिरवतीस!" म्हातारी ओरडली. "पोटच्या पोरांना उपाशी मारशील! आमचा वंश हाय त्यो, आमच्या घराचा पोरगा!"

"तुमच्या घराचा?" आता मात्र शालनचा आवाज चढला. "मामी, दिनकरचं कळलं त्या आठवड्यात मी पद्माला कडंवर घिऊन तुमच्या दारात आले हुते. ध्यानात हाय? तुम्ही उंबऱ्यातच हुबं केलंसा मला. नवरा सांभाळता आला न्हाई म्हनालासा. पोरीनं पाणी मागितलं, ते बी दिलं न्हाई. त्याच एस्टीनं मी माघारी आले."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. कधी बोलली नव्हती बाई.

"तवा ही दोघं माझ्या पोटात हुती," ती म्हणाली. "ह्यो पोरगाबी हुता. तुम्ही त्याला उंबऱ्यातनं हाकलला, मामी. आता कशाला त्याला न्यायला आलाय?"

उत्तर नसलं की माणूस हुकूम सोडतं. "आनंदी," म्हातारी कडाडली, "ऊठ. पोरगं उचल आनि चल जीपमधी."

दिलशादनं पोराला आणखी घट्ट धरलं. मी मधे सरकले. पण आनंदी उठलीच नाही. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती, पाळण्यात पोरगी होती.

"ऊठ म्हंते न्हवं?"

"मामी, मला तीन हायत," आनंदी म्हणाली.

"पोरी हायत त्या!"

"व्हय. माझ्या हायत." आणि तिनं दोरी ओढली. पाळणा हलला. तिची मान तेव्हा वर आलेली मी बघितली. दिसायला किती देखणी होती ती, आम्हाला तोवर कळलंच नव्हतं.

म्हातारी तावातावानं उठली आणि दाराबाहेर पडली. रागाच्या भरात पदरातला वरवंटा तसाच कवटाळून! गल्लीतून तरातरा निघाली, टोपडं-वाळ्यांसकट. मी दारात धावले.

"ओ भागूबाई! टोपडं न्या, वाळं न्या, वरवंटा माझा हाय! मला चटणी वाटायचीय!"

सगळी गल्ली दारात येऊन हसायला लागली. केरबा जॉबर सायकलवरून चालला होता, तोसुद्धा पाय टेकून हसायला लागला. म्हातारीनं हातात बघितलं, आणि जे आपटलं, ते माझ्या वरवंट्याचा एका टोकाचा कपचा उडाला. वाळे गटाराकडं घरंगळले. जीपमध्ये बसून ती थोरल्यावर खेकसली, भोंग्यावर भोंगा वाजायला लागला.

दिलशादनं पोराला शालनकडं दिलं, बाहेर गेली, टोपड्यावरची धूळ झटकली, वाळे धुऊन आणले आणि सगळं पोरीच्या अंगावर चढवलं. हिरवी मखमल काय शोभत होती म्हणून सांगू!

"आता नाव कोण ठेवायचं?" बनाक्का म्हणाली. "आत्या लागती. बापाच्या घरचं कुनीतरी पायजे."

बाहेर भोंगा वाजतच होता. आनंदी पाळण्याशी वाकली. "मी हाय की बापाच्या घरची," ती म्हणाली. आधी पोरीच्या कानात कुर्रर्र केलं, वैजयंता म्हणाली. मग पोराच्या कानात चंद्रकांत. नाव ठेवलं की ठेवणारीच्या पाठीत धपाटे घालायची आमची रीत. आम्ही असे धपाटे घातले त्या काटकुळ्या बाईच्या पाठीत, की सगळ्या आठवड्याचा कोंडलेला जीव मोकळा झाला. ती हसत होती आणि रडत होती. मग डोळे पुसून, पदर डोक्यावरून घेऊन, ती जीपकडं गेली. घरी तिचं काय झालं असेल ते तिलाच ठाऊक. पण दर संक्रांतीला तिन्ही पोरींना घेऊन ती आमच्या गल्लीत यायची, मरेपर्यंत.

आपण किती दिवस पुरणार, असं त्या आठवड्यात सगळ्या विचारत होत्या. पुरलो की. कधी ओढून, कधी भांडून, पण पुरलो. शालन सव्वा महिन्यानं मशीनवर आली तेव्हा तिचं मशीन चालूच होतं.

पाटा-वरवंटा अजून माझ्याकडंच आहे. वैजू मिक्सर घेऊन देते म्हणते, मी नको म्हणते. परवा चंदू आला होता, आता स्वतःच्या पोराचा बाप झालाय. मी चटणी वाटत होते. तो शेजारी उकिडवा बसला आणि वरवंट्याच्या फुटक्या टोकावर बोट फिरवत म्हणाला, "हौसाआज्जी, ह्यो कुठं फुटला गं?"

"तुझ्या बदली गेला हुता एकदा," मी म्हटलं. "दारापतोर गेला, आनि माघारी आला. सरक तिकडं, हात लागतोय."